विश्लेषण : मातीतले जिवाणू औषध केव्हा बनवतात? डाळिंबावरच्या फवारणीशी त्याचा काय संबंध?

मे महिन्यात कुपवाड एमआयडीसीतल्या तापलेल्या मोकळ्या भूखंडांवर वळवाचा पहिला सडा पडला, की दोन मिनिटांत ओल्या मातीचा वास पसरतो. हा वास ज्या रसायनाचा असतो, त्याचे नाव जिऑस्मिन. ते बनवणाऱ्या जिवाणूंच्या सर्वात मोठ्या कुळाचे नाव स्ट्रेप्टोमायसिस. क्षयरोगावरचे पहिले परिणामकारक औषध, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन, याच कुळाने दिले. कुपवाडपासून जवळच, सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले तेव्हा हे औषध जन्मालाही आले नव्हते. आज तेच औषध जिल्ह्याच्या पूर्व भागात, आटपाडी आणि जत तालुक्यांत, डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी पंपात घालून फवारले जाते.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१मध्ये या फवारणीवर बंदी घालणाऱ्या आदेशाचा मसुदा काढला, तेव्हापासून हा विषय अधूनमधून चर्चेत येतो. शेतकरी विचारतात, पर्याय काय? डॉक्टर म्हणतात, अँटिबायोटिक निकामी होतील. या वादात एक बाजू सहसा मागे राहते, ती मूळ उत्पादकाची. मातीतला जिवाणू हे औषध स्वतः कधी, किती आणि कोणत्या अटींवर बनवतो?

वास आणि औषध एकाच घरातले कसे?

स्ट्रेप्टोमायसिस हा जिवाणू असला तरी त्याची राहणी बुरशीसारखी असते. तो मातीत बारीक तंतूंचे जाळे पसरतो आणि कुजका पालापाचोळा, मेलेल्या किड्यांची कवचे खाऊन वाढतो. खाणे संपत आले की तंतूंच्या टोकांना बीजाणू तयार होतात आणि ते दुसरीकडे पोहोचण्याची वाट पाहतात. जिवाणूला पाय नाहीत, त्यामुळे बीजाणूंना कोणीतरी वाहून न्यावे लागते. २०२० साली ‘नेचर मायक्रोबायोलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की जिऑस्मिनच्या वासाने मातीतले स्प्रिंगटेल नावाचे चिमुकले, उड्या मारणारे प्राणी तिकडे खेचले जातात, जिवाणू खातात आणि बीजाणू अंगावर व विष्ठेतून पुढे नेतात. जिऑस्मिन बनवणारे जनुक बीजाणू तयार करणाऱ्या नियंत्रक जनुकांच्याच हाताखाली आहे, हेही त्या अभ्यासात आढळले. म्हणजे बीजाणू तयार होत असतानाच वास सुटतो, एरवी नाही.

औषधांचेही तसेच आहे. स्ट्रेप्टोमायसिसकडे औषध बनवण्याची जनुके कायम असतात, पण त्यांचा बहुतेक काळ बंद अवस्थेत जातो. ती चालू कोण करते, हा या विषयाचा गाभा आहे.

स्ट्रेप्टोमायसिन सापडले कसे आणि महाराष्ट्रात आले कसे?

अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात १९४३ साली सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने ‘स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस’ या जिवाणूपासून हे औषध वेगळे केले. १९५२चे नोबेल एकट्या वॅक्समन यांना मिळाले. त्याआधीच शॅट्झ कोर्टात गेले होते आणि सहशोधक म्हणून मान्यताही मिळवली होती, पण तो वेगळाच किस्सा आहे.

भारतात पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना १९५४ची. पेनिसिलिनपासून सुरुवात झाली, पुढे स्ट्रेप्टोमायसिनही तिथे बनू लागले. या कंपनीचा मातीशी संबंध केवळ उत्पादनापुरता नव्हता. तिथले शास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतून एक नवा जिवाणू वेगळा केला आणि त्याचे नाव ठेवले ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. त्यातून मिळालेले बुरशीनाशक औषध म्हणजे हॅमायसिन. द्राक्षबागायतदारांना एकेकाळी परिचित असलेले ऑरिओफंजिनही याच कंपनीचे. आणि कृषी सेवा केंद्रात छोट्या पुडीत मिळणारे ‘स्ट्रेप्टोसायक्लीन’ हेही तिचेच उत्पादन. त्यात ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट आणि १० टक्के टेट्रासायक्लीन हायड्रोक्लोराइड असते.

कारखान्यातल्या टाकीत जिवाणूकडून औषध काढून घेणे सोपे नव्हते. त्याला पोटभर खायला दिले की तो नुसता वाढत राही, औषध देत नसे. विशेषतः फॉस्फेट जास्त झाले की उत्पादन घसरते, हे किण्वन करणाऱ्यांना फार पूर्वीच अनुभवाने कळले होते. त्यामागची जनुकीय कारणे उलगडायला पुढची काही दशके लागली.

जिवाणू औषध बनवायचे कसे ठरवतो?

‘ठरवतो’ हा शब्द अर्थातच बोलण्याच्या सोयीचा. पेशीत विचार करणारे कोणी नसते, एकमेकांत अडकवलेले स्विच असतात. स्ट्रेप्टोमायसिन बनवणाऱ्या ग्रिसियसमध्ये ही साखळी फार बारकाईने उलगडली गेली आहे.

सुरुवात १९६७ची. सोव्हिएत रशियात खोखलोव यांच्या गटाला ग्रिसियसचा एक बिघडलेला वाण सापडला. तो ना स्ट्रेप्टोमायसिन बनवत होता, ना बीजाणू. चांगल्या वाणाचे द्रव त्यात थोडेसे मिसळले, की तो दोन्ही बनवू लागे. त्या द्रवातल्या लहानशा रेणूला त्यांनी ‘ए-फॅक्टर’ म्हटले. पुढे टोकियो विद्यापीठात बेप्पू आणि होरिनोउची यांच्या गटाने त्याचा मार्ग टप्प्याटप्प्याने शोधला.

तो मार्ग असा. प्रत्येक पेशी वाढताना थोडा थोडा ए-फॅक्टर बाहेर सोडत असते. पेशी एकटीदुकटी असेल तर तो मातीत विरून जातो. वस्ती दाट झाली की तो साठत जातो. एका लिटर पाण्यात ग्रॅमचा दशलक्षांश भागही नसेल इतक्या सूक्ष्म पातळीला तो पोहोचला तरी पुरते. पेशीत ‘आर्प-ए’ नावाचे एक प्रथिन डीएनएच्या एका ठरावीक जागेवर ठाण मांडून बसलेले असते. त्याचे काम अडवण्याचे. ए-फॅक्टर येऊन त्याला चिकटला की आर्प-एची पकड सुटते. ती जागा मोकळी झाल्यावर ‘ॲड-पी-ए’ हे जनुक चालू होते. त्याचे प्रथिन एकाच वेळी अनेक जनुकांना कामाला लावते. काही बीजाणूंची जनुके, काही विकरांची आणि त्यात ‘एसटीआर-आर’ हे एक. हे शेवटचे जनुक म्हणजे स्ट्रेप्टोमायसिनच्या संपूर्ण विभागाचा मुकादम. तो आला की औषध बनवणारी पुढची जनुके एकामागून एक सुरू होतात.

शेतातल्या मोटारीला ऑटो स्टार्टर बसवलेला असतो, तो तिन्ही फेज आल्याशिवाय मोटार उचलत नाही. इथेही तसेच, पण अटी बऱ्याच जास्त. ॲड-पी-एच्या जनुकातच आणखी एक अडसर आहे. त्याच्या सांकेतिक लिपीत ‘टीटीए’ हे एक अक्षरत्रिक येते. स्ट्रेप्टोमायसिसच्या डीएनएत जी आणि सी या अक्षरांचे प्रमाण सुमारे ७२ टक्के असते, त्यामुळे टीटीए अत्यंत दुर्मीळ. हे त्रिक वाचणारा एकच वाहक रेणू पेशीत आहे आणि वाढीच्या सुरुवातीला तो पुरेसा उपलब्ध नसतो. त्यामुळे जनुक चालू झाले तरी वाढीचा योग्य टप्पा येईपर्यंत त्याचे प्रथिन पुरेसे बनत नाही. चावी फिरवली, पण क्लच दाबलेलाच आहे, असे काहीसे.

भुकेचाही स्विच आहे. ग्रिसियसचा चुलतभाऊ ‘स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर’ यावर २००८मध्ये झालेल्या एका अभ्यासात फार बोलके निरीक्षण मिळाले. जिवाणूच्या स्वतःच्या भिंतीत आणि किड्यांच्या कवचात एकच साखरेचा घटक असतो. अन्न भरपूर असताना हा घटक मिळाला तर जिवाणू समजतो, जेवण आले. तो वाढीला लागतो. अन्न संपलेले असताना तोच घटक मिळाला तर त्याचा अर्थ बदलतो, कारण आता तो स्वतःच्याच मरणाऱ्या तंतूंतून आलेला असतो. मग औषधाची जनुके चालू होतात. जुने तंतू विरघळवून त्यातल्या अन्नावर बीजाणू वाढवायचे असतात, आणि उघड्यावर पडलेल्या त्या अन्नावर शेजारचे जिवाणू टपलेले असतात. औषध नेमके त्या वेळी बाहेर येते. फॉस्फेटची गोष्टही इथे जुळते. फॉस्फेटची टंचाई ओळखणारी स्वतंत्र यंत्रणा पेशीत आहे आणि ती औषधाच्या जनुकांशी जोडलेली आहे.

एकूण हिशेब असा, की वस्ती दाट हवी, वाढीचा टप्पा योग्य हवा, अन्न संपत आलेले हवे. हे सगळे जुळले तर आणि तेवढ्यापुरतेच औषध.

स्वतःच्याच औषधाने तो मरत कसा नाही?

स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूच्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रावर, म्हणजे रायबोसोमवर, घाव घालते. रायबोसोम ग्रिसियसलाही आहे. तरी तो वाचतो.

त्याची व्यवस्था अशी. औषध बनवणाऱ्या जनुकांच्या रांगेतच एक जनुक बचावाचे आहे. ते मुकादम जनुकाच्या लगतच बसलेले असते आणि मुकादमाची प्रत काढली जाताना त्याचीही प्रत निघते. म्हणजे कारखाना सुरू होण्याआधी चिलखत तयार. या बचावाच्या जनुकापासून बनणारे विकर स्ट्रेप्टोमायसिनच्या रेणूवर फॉस्फेटचा एक गट चढवते. असा कुलूपबंद रेणू रायबोसोमवर काम करत नाही. औषध पेशीत याच कुलूपबंद रूपात तयार होते आणि पेशीबाहेर गेल्यावर दुसरे विकर तो फॉस्फेट काढून टाकते. कुलूप उघडते ते घराबाहेर.

औषध आणि त्याचा उतारा एकाच तारेवर जोडलेले असणे हे या गटातल्या जिवाणूंत वारंवार दिसते. पण याचा दुसरा अर्थही आहे. जगात जिथे जिथे हे औषध नैसर्गिकरीत्या बनते, तिथे तिथे त्याला निकामी करणारे जनुकही आधीपासून हजर आहे.

मग प्रतिरोध माणसाने आणला की निसर्गाने?

दोघांनी, पण वाटा वेगवेगळा. १९७३ साली बेनव्हेनिस्ट आणि डेव्हिस यांनी दाखवले, की रुग्णालयांतल्या प्रतिरोधी जिवाणूंकडे असलेली औषध निकामी करणारी विकरे आणि मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसची विकरे एकसारखे काम करतात. रोगजंतूंना ही जनुके मुळात औषध बनवणाऱ्यांकडूनच आली असावीत, अशी शंका त्यांनी मांडली. ती आजही वजनदार मानली जाते. २००६मध्ये कॅनडात मातीतल्या ४८० वाणांवर २१ अँटिबायोटिक तपासली गेली, तेव्हा प्रत्येक वाण अनेक औषधांना दाद देत नव्हता, सरासरी सात-आठ औषधांना. २०११मध्ये त्याच गटाने ३० हजार वर्षे गोठलेल्या मातीतही प्रतिरोधाची जनुके दाखवली. तेव्हा ना पुडी होती, ना पंप.

निसर्गात ही जनुके फोफावत का नाहीत? औषध तिथे थोड्या जागी आणि थोड्या वेळासाठी असते. प्रतिरोधाचे जनुक बाळगणे पेशीला बऱ्याचदा खर्चाचे पडते, आसपास औषध नसेल तर बिनजनुकाचे जिवाणू पुढे जातात. हे गणित बदलते ते औषध पसरट, सतत आणि स्विचशिवाय मिळू लागले की.

आटपाडी-जतच्या बागेत काय होते?

तेल्या हा ‘झॅन्थोमोनास’ जिवाणूमुळे होणारा रोग. पानांवर, फांद्यांवर आणि फळांवर तेलकट काळसर ठिपके, मग फळाला चिरा. २००० नंतरच्या दशकात त्याने राज्यातल्या अनेक बागा उपटायला लावल्या. सोलापूरला २००५मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले, त्याच्या कामातही तेल्या हा मोठा विषय राहिला आहे.

फळे लिंबाएवढी झालेली, वरून झड लागलेली आणि फळावर पहिला ठिपका दिसलेला, अशा वेळी बागायतदाराकडे दोन-चार दिवस असतात. बुरशीसाठी दुकानात डझनावारी औषधे आहेत, जिवाणूसाठी मोजकीच. ताम्रयुक्त औषधे, ब्रोनोपॉल आणि स्ट्रेप्टोसायक्लीन. बागेत वर्षानुवर्षे चाललेले प्रमाण लिटरला अर्धा ग्रॅम स्ट्रेप्टोसायक्लीन आणि जोडीला दोन-अडीच ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड असे आहे. २०० लिटरच्या एका पिंपाला १०० ग्रॅम झाले. शुद्धतेचा हिशेब ढोबळ धरला तरी त्यातले स्ट्रेप्टोमायसिन रोज एक ग्रॅमच्या इंजेक्शनाने एका माणसाला दोन महिन्यांहून अधिक पुरेल. हे एका पिंपाचे. बहारात फवारण्या अनेक होतात आणि बरेचसे औषध पानांवरून खाली मातीत उतरते.

त्यातही एक अडचण कागदोपत्री आहे. या मिश्रणाला देशात ज्या पिकांवर मान्यता होती ती आठ : सफरचंद, घेवडावर्गीय शेंगा, लिंबूवर्गीय फळे, बटाटा, तंबाखू, टोमॅटो, भात आणि चहा. डाळिंब त्या यादीत नव्हते. शेतकऱ्याला हे दुकानात कोणी सांगत नाही, हे वेगळे सांगायला नको.

आणि याचा तेल्यावर तरी कायम परिणाम होतो का? परदेशातला अनुभव सावध करणारा आहे. कॅलिफोर्नियातल्या नासपतीच्या बागांत स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारा करपा रोगाचा जिवाणू १९७१मध्येच सापडला. पुढे अमेरिकेतल्या सफरचंदाच्या बागांत या जिवाणूने प्रतिरोधाची दोन जनुके, ‘एसटीआर-ए’ आणि ‘एसटीआर-बी’, एका उडत्या डीएनए तुकड्यावर बसवून मिळवल्याचे दिसले. असा तुकडा एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतो. तेल्याच्या जिवाणूच्याच गोतातल्या, टोमॅटो-मिरचीवर ठिपके आणणाऱ्या झॅन्थोमोनासमध्येही हीच जोडी आढळली आहे. हीच जनुके माणसांच्या आणि जनावरांच्या जिवाणूंतही आहेत. त्यांचे कामही ओळखीचे : स्ट्रेप्टोमायसिनवर फॉस्फेट चढवून ते कुलूपबंद करणे. ग्रिसियसच्या चिलखताचीच युक्ती, फक्त इथे ती कारखान्याच्या स्विचला जोडलेली नाही.

यामुळे टीबीचे औषध निकामी होते का?

इथे थोडे थांबायला हवे, कारण समाजमाध्यमांवर हा दावा बेधडक केला जातो. सरळ उत्तर असे, की डाळिंबावर फवारल्याने टीबीचा जिवाणू प्रतिरोधी होतो असे म्हणता येत नाही. टीबीचा जिवाणू शेजाऱ्यांकडून जनुके घेणाऱ्यांपैकी नाही. त्याचा प्रतिरोध त्याच्या स्वतःच्या जनुकांत बदल होऊन येतो, मुख्यतः रायबोसोमच्या एका प्रथिनाचे ‘आरपीएस-एल’ हे जनुक बदलून. तो बदल रुग्णाच्या फुफ्फुसात घडतो, अपुऱ्या किंवा एकट्या औषधामुळे तो निवडला जातो. १९४८मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या प्रसिद्ध चाचणीत हे लगेच दिसले होते. स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत चार दगावले, न मिळालेल्या ५२पैकी १४. पण औषध घेणाऱ्या बहुतेकांत प्रतिरोधी जिवाणू तयार झाले आणि पुढच्या काळात हा फायदा ओसरत गेला. टीबीला कधीच एकटे औषध द्यायचे नाही, हा नियम तिथून आला. आज स्ट्रेप्टोमायसिन टीबीच्या पहिल्या फळीत नाही. काही औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत, इतर पर्याय नसताना, ते अजूनही राखीव असते.

धोका आहे तो दुसऱ्या वाटेने. आतड्यातले, सांडपाण्यातले, जखमेतले अनेक जिवाणू जनुकांची देवघेव करतात. प्रतिरोधाची जनुके बऱ्याचदा एकाच डीएनए तुकड्यावर रांगेने बसलेली असतात, त्यामुळे एका औषधाच्या माऱ्यात सगळी रांग टिकते. पुडीत टेट्रासायक्लीनही आहे, ते माणसांच्या औषधांच्या मोठ्या गटाचे आहे. आणि तांबे? वनस्पतींच्या रोगजंतूंत तांबे व स्ट्रेप्टोमायसिन या दोन्हींचा प्रतिरोध एकाच तुकड्यावर सापडल्याची नोंद १९९०च्या दशकातली आहे. म्हणजे स्ट्रेप्टोसायक्लीन थांबवून फक्त तांबे फवारत राहिले तरी तो तुकडा टिकण्याची शक्यता उरते. बंदीच्या चर्चेत हा मुद्दा फारसा येत नाही, यायला हवा.

सर्वात जवळचा धोका मात्र फवारणाऱ्या माणसाला. उघड्या अंगाने, तोंडाला रुमाल बांधून तासन् तास पंप मारणाऱ्या मजुराच्या नाकातोंडात हे औषध जाते. त्याच्या अंगावरच्या आणि पोटातल्या जिवाणूंचे काय होते, हा प्रश्न बाजारातल्या फळावरच्या अंशापेक्षा आधी विचारायला हवा.

सरकारने काय म्हटले?

अँटिबायोटिक प्रतिरोधाचा राष्ट्रीय कृती आराखडा २०१७मध्ये आला, त्यात माणूस, जनावरे, शेती आणि पर्यावरण यांचा एकत्र विचार होता. कीटकनाशकांची नोंदणी करणाऱ्या समितीने २०२०मध्ये शेतीतला हा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याची शिफारस केली. १७ डिसेंबर २०२१च्या मसुद्यात १ फेब्रुवारी २०२२पासून शेतीसाठी आयात व उत्पादन बंद आणि १ जानेवारी २०२४पासून वापर पूर्ण बंद अशा मुदती ठेवल्या होत्या. मुदती कागदावर लिहिणे सोपे. तालुक्याच्या दुकानात जिवाणूनाशकाच्या फळीवर दुसरे काय ठेवायचे, याचे उत्तर त्यात नव्हते.

बागायतदारापुढे पर्याय कोणते?

बाटलीतले फार नाहीत, बागेतले आहेत. तेल्याचा जिवाणू पावसाच्या थेंबांबरोबर आणि कात्रीबरोबर फिरतो. त्यामुळे पावसात फळे लागणारा मृग बहार टाळून हस्त किंवा आंबे बहार धरणे, बागेला पुरेशी विश्रांती देणे, रोगट फांद्या ठिपक्याच्या बऱ्याच खालून छाटणे, गळलेली पाने-फळे बागेबाहेर नेऊन जाळणे, एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री निर्जंतुक करणे आणि रोपे रोगमुक्त मातृवृक्षांचीच घेणे, ही संशोधन केंद्राच्या शिफारशींतली कामे. यातले एकही पुडीइतके झटपट नाही, आणि मजुरीचा खर्च सगळ्यांनाच आहे. मृग बहार सोडायचा तर पाण्याचे गणितही बदलते. आटपाडी आणि जत हे दुष्काळी पट्टे, तिथे उन्हाळ्यात फळे पोसायची तर टेंभू-म्हैसाळचे पाणी वेळेवर यावे लागते. म्हणजे औषधाचा प्रश्न फिरून कालव्याच्या पाळीपाशी येतो.

नवी औषधे मातीतून मिळणार का?

मिळू शकतात, आणि त्याची किल्ली पुन्हा त्याच स्विचमध्ये आहे. २००२मध्ये सीलिकलरचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला, सुमारे ८७ लाख अक्षरे आणि ७,८०० हून अधिक जनुके. त्यात औषधसदृश पदार्थ बनवणाऱ्या जनुकांचे २०हून अधिक गट निघाले, तर तोवर त्याच्याकडून माहीत असलेले पदार्थ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. २००८मध्ये ग्रिसियसचा संच आला, त्यात असे ३४ गट. एका स्ट्रेप्टोमायसिनसाठी ८० वर्षे ओळखला गेलेला जिवाणू आणि त्याच्याकडचे बाकीचे बहुतेक गट प्रयोगशाळेतल्या थाळीत बंद. कारण थाळीत त्यांचे शेजारी नाहीत, भूक नाही, किडे नाहीत.

ते चालू करण्यासाठी आता नाना युक्त्या वापरतात. दोन जिवाणू शेजारी वाढवतात, अडवणारे जनुक काढून टाकतात, मुकादम जनुक जास्तीचे घालतात. जपानच्या कोझो ओची यांच्या गटाची १९९०च्या दशकातली युक्ती यात सर्वात गमतीची. ‘स्ट्रेप्टोमायसिस लिव्हिडान्स’ हा जिवाणू निळे ॲक्टिनोऱ्होडिन बनवण्याची जनुके बाळगतो, पण सहसा बनवत नाही. ओचींनी त्याला स्ट्रेप्टोमायसिनच्या थाळीवर वाढवले. बहुतेक मेले. वाचलेल्यांपैकी काहींच्या ‘आरपीएस-एल’ जनुकात, म्हणजे टीबीच्या जिवाणूत प्रतिरोध आणणाऱ्या त्याच जनुकात, एका अक्षराचा बदल झालेला होता. त्या वसाहती निळ्या पडल्या होत्या.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात हजारो वाणांचा संग्रह आहे. पिंपरीच्या मातीतून तिरुमलाचार यांनी हॅमायसिन शोधले तेव्हा वाण वाढवून, त्याचा अर्क बुरशीवर टाकून पाहावे लागे. बंद असलेला गट त्या पद्धतीत दिसतच नसे. आता जनुकसंच वाचूनच कोणता गट कुठे आहे हे कळते, तो चालू करण्याचे काम त्यानंतरचे.